भिंतीच्या पोटातली तार

घराने काय दाखवावे आणि काय झाकावे, हा प्रश्न वरकरणी सजावटीचा वाटला तरी मुळात तो सौंदर्यशास्त्राचा आहे, आणि थोडा पुढे नेला तर नीतिशास्त्राचाही. विजेच्या तारेपुरते बोलायचे तर आपल्या मध्यमवर्गाने त्याचे उत्तर गेल्या काही दशकांत जवळपास एकमताने देऊन टाकले आहे : तार दिसता कामा नये. घर नवे असो वा जुन्याची डागडुजी असो, भिंतीला झिरी मारायची, तीत पीव्हीसीचा पाइप बसवायचा, वरून सिमेंट, पुट्टी आणि रंग. भिंत पुन्हा निरागस दिसू लागली की काम संपले. या एकमताविषयी काही शंका मांडाव्यात, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वाड्यांतून आणि चाळींतून लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली तार, गोल लाकडी ठोकळ्यावरचे काळे बटण आणि चिनी मातीचा फ्यूज यांच्या आठवणीने गहिवरून येण्याचे कारण नाही. त्या तारांवरचे रबर कालांतराने तडकत असे, पट्टीला वाळवी लागत असे, पावसाळ्यात ओल्या भिंतीला हात लावताना मनात धाकधूक असे. त्या मानाने पाइपातली तार सुरक्षित असते. धक्क्याबुक्क्यांपासून वाचते, आणि काम नीट झाले असेल तर भिंत न फोडता जुनी ओढून नवी घालता येते. झाकण्यालाच विरोध करावा, असे काही माझ्या मनात नाही. मात्र त्या जुन्या घराचा एक गुण होता, त्याची नोंद घ्यायला हवी. त्या घरातली वीज वाचता येत असे. ती कुठून आली, कुठे फुटली, कोणत्या दिव्याकडे गेली हे शाळकरी मुलालाही बोट फिरवून सांगता येई. झिरी बुजली की हे वाचन संपते.

हा पेच केवळ आपलाच नाही. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांचा सावल्यांच्या सौंदर्यावरील १९३३ सालचा प्रसिद्ध निबंध सुरू होतो तोच मुळी या अडचणीपासून : पारंपरिक घर बांधणाऱ्या माणसाने विजेच्या तारा, गॅसच्या आणि पाण्याच्या नळ्या लपवायच्या कशा? अंधाराचा हा उपासक लपवण्याच्या बाजूने कौल देईल अशी आपली अपेक्षा असते. पण लपवण्याचा अट्टाहासही खटकू लागतो, साध्या दुधी काचेखालचा दिवा तसाच दिसू दिला तर तो अधिक सहज वाटतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. दुसरे टोक पॅरिसच्या पाँपिदू केंद्राचे. १९७७ साली खुल्या झालेल्या त्या इमारतीने आपली सारी आतडी बाहेर काढून रंगवली : विजेला पिवळा रंग, पाण्याला हिरवा, हवेला निळा. आपल्याला यांपैकी कोणतेच टोक गाठायचे नाही. पण दोन्हीकडे निवड विचारपूर्वक झाली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे ती सवयीने होते.

सवयीने केलेल्या कामात पहिला बळी जातो तो भिंतीचा. विटांची भारवाहक भिंत वरचे वजन खाली उतरवीत असते. उभी झिरी त्या वजनाच्या वाटेला समांतर जाते. आडवी झिरी ती वाट छेदते. म्हणूनच विटांच्या बांधकामाविषयीच्या आयएस १९०५ या भारतीय मानकाच्या १९८७ च्या आवृत्तीत उभ्या झिरीला भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांश आणि आडवीला केवळ एकषष्ठांश खोलीची मर्यादा घातलेली आहे. नऊ इंची, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटरच्या भिंतीत आडवी झिरी ३८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. साडेचार इंची भिंतीत हीच मर्यादा १९ मिलिमीटरवर येते, आणि घरगुती कामातला नेहमीचा पाइपच २० किंवा २५ मिलिमीटरचा असतो! आरसीसी इमारतीतील विटांच्या भिंती बहुधा भार वाहत नाहीत, त्यामुळे तिथे प्रश्न तड्यांवर आणि ओलीवर निभावतो, हे खरे. पण भिंतीवर चालणारे कटर खांबापाशी येऊन आपणहून थांबत नाही. खांबातल्या सळईवर काँक्रीटचे कवच साधारण ४० मिलिमीटरचे. ते कापणे म्हणजे सळईला गंजाचे आमंत्रण. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला कोसळलेल्या इमारतीत १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावरील फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. तो तारेचा प्रश्न नव्हता. पण ‘माझ्या घरात मी काय वाटेल ते तोडीन’ ही वृत्ती तीच आहे.

दुसरा धोका झिरी बुजल्यानंतर सुरू होतो. बटणापासून तार सरळ वर किंवा सरळ आडवी गेली असेल, तर खिळा कुठे ठोकू नये याचा अंदाज कोणालाही बांधता येतो. पण पाइप आणि मजुरी वाचवण्यासाठी झिरी तिरकी मारली जाते, आणि ते रहस्य त्या दिवशी हजर असलेल्या दोघा-तिघांपाशीच राहते. पुढे घर विकले जाते, भाडेकरू बदलतात, वायरमन गावी निघून जातो. दहा वर्षांनी कोणीतरी नव्या घरात हौसेने तसबीर लावायला ड्रिल हाती घेतो. त्याने वाचावे असे काहीच आपण मागे ठेवलेले नसते.

आणि तिसरा, ज्याच्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो, तो झिरी मारणारा माणूस. कोरड्या विटेवर, काँक्रीटवर कटर फिरले की उठणाऱ्या धुळीत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच या श्वसनीय स्फटिक सिलिकाला माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरवले. पाणी मारून कापले, यंत्राला धूळ ओढून घेणारी नळी लावली, नीट बसणारा मास्क वापरला, तर धोका पुष्कळ कमी होतो. पण आपण घरातल्या सोफ्यावर प्लॅस्टिक पसरतो, दारे लावून घेतो आणि त्या खोलीत तोंडाला रुमाल बांधलेला एक तरुण सोडून निघून जातो. भिंत गुळगुळीत झाल्यावर तारेबरोबर त्याचे श्रमही झाकले जातात. ‘फिनिशिंग छान झाले आहे’ असे म्हणताना आपण नेमक्या याच अदृश्यतेचे कौतुक करीत असतो.

मग करायचे काय? माझे म्हणणे साधे आहे : झाका, पण नोंद ठेवून झाका. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून छायाचित्र काढावे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. त्यावरून साधा नकाशा काढून तो घराच्या कागदपत्रांत ठेवावा, आणि घर दुसऱ्याच्या हाती देताना किल्ल्यांबरोबर तोही द्यावा. झिरी सरळच मारायची, खांब-तुळईला हात लावायचा नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवून घ्यावे. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. चुकून ड्रिल तारेत गेलेच तर जीव वाचण्याची शक्यता त्याने वाढते. मास्कचा आणि धूळ आवरण्याचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत लिहावा, म्हणजे घासाघीस करताना तो आधी कापला जाणार नाही. आणि जिथे भिंत पातळ आहे किंवा इमारत जुनी आहे, तिथे केसिंग पट्टीतून भिंतीवरूनच तार न्यावी. त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

एवढे कोण करणार, असे कोणी म्हणेल. पण रंगाच्या छटा निवडण्यात आपण आठवडे घालवतो. नकाशाला एक दुपार पुरते. या घरात आपल्यानंतर जे कोणी राहतील, त्यांच्यासाठी एवढे करणे आपले कर्तव्यच आहे.