दाखल्याची शाई आणि खानदेशचा उन्हाळा

दहावी-बारावीच्या निकालांच्या सुमारास शिंदखेड्याच्या तहसील कचेरीभोवतालच्या केंद्रांवर उत्पन्नाचे, जातीचे, अधिवासाचे दाखले काढणाऱ्यांची रीघ लागते, आणि पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेल्या त्याच दिवसांत पत्र्याच्या छपराखालचा इंकजेट प्रिंटर क्षणाची उसंत न मिळता राबत असतो. सकाळच्या प्रती स्वच्छ निघतात. दुपारी मात्र छायाचित्रातला चेहरा काळवंडतो, अक्षरांच्या कडा फुटतात, आडवे पट्टे उमटतात, आणि सारा दोष शाई विकणाऱ्याच्या माथी मारला जातो. हा न्याय अपुरा आहे, कारण दोष उष्णतेचाही असतो.

१९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेले सोल्डरिंगचे टोक शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागले, शाई उडाली, आणि त्यातूनच उष्णतेवर चालणाऱ्या प्रिंटर-हेडची कल्पना सुचली. अशा हेडमधील प्रत्येक छिद्रामागचा तापक काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापतो, शाईचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. काम अखंड चालले की हेडमध्ये उष्णता साचते, शाई पातळ होते, थेंब जड पडतो व रंग गडद उतरतो. आणि ज्या रंगाची छिद्रे अधिक राबली ती अधिक तापत असल्याने रंगांचा परस्पर तोलही बिघडतो. हेडचे तापमान मोजून यंत्र मध्येच थांबते, ते याचसाठी. पण समोर रांग ताटकळत असल्याने चालक त्या विसाव्याला बिघाड समजून बटण बंद-चालू करतो. शाई संपत आली असता हे विशेष घातक, कारण हेडला थंड ठेवणारी शाईच असते, आणि कोरडा तापक जळून जातो. हेडला न मानवणारी रिफिल तापकावर पुटे धरते, ते निराळेच. एप्सन कंपनीच्या प्रिंटरच्या हेडमध्ये थेंब उष्णतेने नव्हे तर दाबाने फेकला जातो. तरी कोरड्या हवेत छिद्राच्या तोंडाशी शाई वाळण्याचे संकट त्यालाही चुकत नाही.

प्रत स्वच्छ निघाली तरी ती टिकायलाही हवी. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने मोडी दस्तऐवज आजही वाचता येतात, कारण काजळीच्या शाईतील कण पाण्यात विरघळत नाहीत. जातीचा दाखला हाही पिढ्यांना पुरवायचा दस्तऐवज आहे. तो घामाच्या थेंबाने ओघळणाऱ्या शाईत छापून नागरिकाच्या हाती देणे मला सर्वथा अनुचित वाटते. सबब केंद्रांना दाखल्यांसाठी पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांची, काळी शाई किंवा लेझर प्रिंटर सक्तीचा करावा, यंत्र उन्हाच्या झळेपासून दूर ठेवावे, आणि ही तजवीज तहसील कचेरीने एप्रिल उजाडण्यापूर्वीच लेखी हुकमाने करावी.