झेरॉक्सवर सही कोणाची?



दहावीचा निकाल लागला की घोडेगावात झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी होते. तहसील कचेरी इथेच, आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालयही इथेच. त्यामुळे आहुपे, तिरपाड, आसाणे, कोंढवळ अशा लांबच्या गावांतली मुलं आई नाहीतर वडिलांना घेऊन एस.टी.ने, जीपने येतात. बाहेर पावसाची रिपरिप, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदं. झेरॉक्स दहा मिनिटांत होते. मग सुरू होतो खरा खटाटोप: "ट्रू कॉपी कुठं करून मिळंल?"

कुणी सांगतं, राजपत्रित अधिकारी पाहिजे. कुणी सांगतं, गोल शिक्केवाले विशेष कार्यकारी अधिकारी चालतात, पण ते लग्नाला गेलेत. कुणी म्हणतं, हिरव्या शाईचीच सही पाहिजे. साहेब मीटिंगला गेले असले तर दिवस गेला. पालकाची भात लावणीच्या दिवसातली मजुरी गेली, वर दोघांचं जायचं-यायचं भाडं. आणि शेवटी सही मिळते तेव्हा बहुतेक वेळा मूळ गुणपत्रिका पिशवीतून बाहेरही निघालेली नसते. गठ्ठा पुढे सरकतो, धाडधाड शिक्के पडतात, झालं.

मला तुमच्यापुढे एकच प्रश्न ठेवायचा आहे. ही सही आता मागतं कोण? सरकारने तर ती मागणं बंद केलं, त्याला दहा वर्षं होऊन गेली.

महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाचा ९ मार्च २०१५ चा शासन निर्णय आहे. शासकीय कामासाठी शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतींऐवजी अर्जदाराने स्वतः सही केलेल्या, म्हणजे स्वयंसाक्षांकित प्रती घ्याव्यात, असं त्यात सांगितलं आहे. जिथे एखाद्या कायद्याने किंवा नियमानेच शपथपत्र वा साक्षांकन बंधनकारक केलं आहे, तेवढी प्रकरणं वगळून. केंद्रातही दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने नागरिककेंद्री प्रशासनावरच्या २००९ च्या अहवालात हीच शिफारस केली होती. मूळ कागद शेवटच्या टप्प्यावर तपासायचाच असतो, मग मधल्या सही-शिक्क्यासाठी माणसाला का पळवायचं, असा साधा विचार त्यामागे आहे.

तरीही प्रवेश अर्जासोबतच्या कागदपत्रांच्या यादीत "साक्षांकित प्रत" हे शब्द वर्षानुवर्षं तसेच छापून येतात. का? कारण मागच्या वर्षीची यादी काढायची, वरचं साल बदलायचं आणि नोटीस बोर्डावर लावायची, ही आपली पद्धत. 'आपली' म्हणतोय, कारण या याद्या मंत्रालयात होत नाहीत. त्या शाळा-कॉलेजच्या ऑफिसात होतात आणि खाली सही आपल्यातल्याच कुणाची तरी असते. एका कॉलेजच्या खिडकीवर स्वतःची सही केलेला अर्ज मुलीला परत दिलेला मी पाहिला आहे. "शिक्का नाही" एवढंच उत्तर. शासन निर्णय दाखवला तर "आमच्याकडं असं चालत नाही."

आता थोडं मागे जाऊ, म्हणजे ही सही मुळात कशासाठी होती ते कळेल. झेरॉक्स मशीन नव्हतं तेव्हा दाखल्याची प्रत हाताने उतरून काढायची, नाहीतर टाइप करून घ्यायची. उतरताना तारीख चुकणार, आडनावातली वेलांटी बदलणार. म्हणून कुणीतरी जबाबदार माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची. याला आपल्याकडे जुना सुंदर शब्द आहे, रुजुवात. रुजुवात झाली की खाली लिहायचं, अस्सल बरहुकूम नक्कल. सही होती ती या ताडून पाहण्याची. झेरॉक्स आल्यावर उतरून काढायचं काम गेलं, ताडून पाहणंही गेलं, सही तेवढी राहिली. जो साहेब मूळ कागद बघत नाही, मुलाला ओळखत नाही, त्याच्या सहीने त्या कागदाची खात्री वाढते कशी, हे मला तरी अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

त्याहून गंमत डिजिटल दाखल्यांची. उत्पन्नाचा, जातीचा दाखला आता ऑनलाइन निघतो, त्यावर डिजिटल सही असते, पडताळणीची सोय असते. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. डिजिलॉकरमध्ये थेट बोर्डाकडून आलेली गुणपत्रिका मूळ कागदाच्या बरोबरीची धरावी, असा केंद्राचा नियम २०१७ पासून आहे. आणि आपण काय करतो? त्याची प्रिंट काढतो, प्रिंटची झेरॉक्स काढतो, आणि तिच्यावर शिक्का मारायला माणूस शोधत फिरतो!

पालकहो, म्हणून एवढं करा. झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर मोकळ्या जागेत, फोटोवर आणि आकड्यांवर न जाता, "मूळ प्रतीवरून पडताळली, सत्यप्रत" असं लिहा. खाली सही, पूर्ण नाव, तारीख. मूल लहान असेल आणि अर्जावर पालकाची सही असेल, तर प्रतींवरही त्याच पालकाची सही करा. आधारच्या प्रतीवर आणखी एक ओळ हवीच: कोणत्या कामासाठी, कोणाला दिली. "फक्त अकरावी प्रवेशासाठी" असं आडवं लिहिलेली प्रत दुसरीकडे वापरायला अवघड जाते. सही करायच्या आधी मूळ कागद समोर ठेवून एकदा वाचा. खोट्या कागदावर सही केली तर जबाबदारी सही करणाऱ्याची, आणि गुन्हा दाखल होऊ शकतो. अंगठा उठवणाऱ्या आजीच्या बाबतीत तर घरातल्या शिकलेल्या पोराने तिला हा कागद कशाचा आहे ते आधी वाचून दाखवावं.

हे नववी-दहावीच्या वर्गात एका तासात शिकवून होतं. अर्जलेखन आपण शिकवतोच, त्याला जोडून घ्या. मुलांना स्वतःच्या सहीला किंमत आहे हे कळलं की ती सही जपून करतात, हा माझा अनुभव आहे.

पण सगळीकडे स्वतःची सही चालते असं समजू नका. इथे गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रत आणि नक्कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याजवळच्या कागदाची झेरॉक्स ही प्रत. पण मूळ नोंद ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, त्याने आपल्या दप्तरातून उतरून, सही-शिक्क्यानिशी दिलेली ती नक्कल. ती दुसरं कुणी देऊ शकत नाही. जे सरकारी दस्तऐवज पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे, त्यांची नक्कल फी भरून मागणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

आमच्या भागात हा फरक जिव्हारी लागतो तो जात पडताळणीच्या वेळी. महादेव कोळी, ठाकर मुलांना अनुसूचित जमातीचं वैधता प्रमाणपत्र हवं असतं, तेव्हा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा सापडला तर फार मोलाचा ठरतो. इतर मागासवर्गीयांसाठी हीच तारीख १३ ऑक्टोबर १९६७. आता १९५० च्या आधी डोंगरातल्या घरात कागद कुठला? असतो तो शाळेच्या जनरल रजिस्टरात, आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या नावापुढे. नाहीतर कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, तोही कधी मोडीत. शाळेने दिलेला त्या नोंदीचा उतारा हाच घरातल्या सगळ्या मुलांच्या शिक्षणाचा आधार होतो. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधताना जुनी रजिस्टरं कपाटातून बाहेर निघाली, तेव्हा त्यांची अवस्था काय होती ते आपण सर्वांनीच पाहिलं.

मुख्याध्यापक मित्रांनो, तिथे मात्र तुमची सही घाईची नको. उतारा क्लार्कने लिहिला असला तरी रजिस्टर उघडून, बोट ठेवून स्वतः ताडून पाहा. 'म.को.' लिहिलं असेल तर 'म.को.'च लिहा, आपल्या मनाने 'महादेव कोळी' करू नका. मूळ नोंदीत खाडाखोड असेल तर तीही तशी नमूद करा. समिती मूळ रजिस्टर मागवू शकते, आणि उताऱ्यात एका अक्षराचा फरक निघाला तर शंका मुलावर घेतली जाते.

३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं. सुमारे दीडशे माणसं गेली, आणि घरांसोबत घरातल्या ट्रंकाही. अशा घरातून वाचलेल्या मुलाला कोणत्याही झेरॉक्सवरचा शिक्का कामाचा नसतो. त्याला लागते ती पुण्याच्या विभागीय मंडळाकडची गुणपत्रिकेची दुय्यम प्रत, जन्माच्या नोंदीचा दाखला, तहसीलमधला फेरफार आणि शाळेच्या रजिस्टरातली त्याची ओळ.

म्हणून या उन्हाळी सुट्टीत दोन कामं करू या. प्रवेशाच्या यादीतून "साक्षांकित" शब्द काढून "स्वयंसाक्षांकित" असा छापू या, आणि खाली ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाचा उल्लेख करू या, म्हणजे खिडकीवर वाद होणार नाही. दुसरं, जनरल रजिस्टरच्या जुन्या वह्यांची पानं मोबाईलवर का होईना, नीट उजेडात स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवू या. स्कॅनमुळे मूळ वही बाद होत नाही, तिला कापडात बांधून जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब ठेवायची. आमच्या पश्चिम पट्ट्यात जुलैमध्ये भिंतींना पाणी सुटतं.