बेघर राज्यफूल

मे महिना लागला की वर्तमानपत्रांत ताम्हणाचा फोटो हमखास येतो. जांभळा तुरा आणि खाली ‘महाराष्ट्राचं राज्यफूल’ एवढी ओळ. झाड बहुधा रस्त्याच्या दुभाजकावरचं, नाहीतर एखाद्या बागेतलं. रोपवाटिकांत ताम्हणाची रोपं मिळतात, पावसाळ्यात ती समारंभानं लावलीही जातात. तेव्हा या झाडाचं बरं चाललं आहे, असं कुणालाही वाटेल.

ताम्हण मुळात काठाचं झाड. कोकणातले पऱ्हे, वहाळ, तिकडे गडचिरोली-चंद्रपूरकडचे नाले ही त्याची हक्काची जागा. पावसाळ्यात बुंधा पाण्यात गेला तरी ते तग धरतं आणि काठची माती मुळांनी आवळून ठेवतं. एप्रिलपासून फांद्यांच्या टोकांना तुरे उभे राहतात आणि खालून वर उमलत जातात. सहा पाकळ्या, चुरगळलेल्या मलमलीसारख्या. मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. फळ लाकडासारखं टणक. ते फांदीवरच वाळतं, तडकतं आणि पंख असलेलं हलकं बी वाऱ्यावर सुटतं. काठच्या ओल्या मातीत पडलं तर रुजतं.

तो काठच आता उरत नाही. 2021च्या जुलैत चिपळूण बुडालं, तेव्हा वाशिष्ठी नदीतला गाळ उपसा, ही लोकांची मागणी रास्तच होती. पण पूर कुठलाही असो, आपल्याकडे त्यावर इलाज ठरलेले: पोकलेन आणि संरक्षक भिंत. पोकलेन पात्रात उतरवायला वाट हवी म्हणून काठची काही झाडं जातात, उरलेली ‘प्रवाहाला अडथळा’ म्हणून. शहरांत याच्याच पुढच्या पायरीला सुशोभीकरण म्हणतात. काँक्रीटची भिंत, वर फरसबंद वाट, कठडा, दिवे आणि सिमेंटच्या आळ्यांत शोभेची चार रोपं. काठ फुकटात धरून ठेवणारी मुळं उपटायची आणि त्याच कामासाठी भिंतीचं टेंडर काढायचं, असा हा व्यवहार.

दुभाजकावरचं ताम्हण फुलतं, सावली देतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचं बी डांबरावर पडतं. त्याची पुढची पिढी रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीतच जन्माला येणार. काठावरच्या झाडाला असल्या मेहेरबानीची गरज नसते.

करायचं ते अवघड नाही. गाळ काढा, पण जमेल तिथे यंत्र एकाच काठावरून चालवा. कामाच्या अंदाजपत्रकाला काठच्या झाडांची यादी जोडा. वृक्षलागवडीचं उद्दिष्ट मोजताना उभी राखलेली झाडंही हिशेबात धरा. हे आजवर कुणाला सुचलं नसेल असं नाही. लावलेल्या रोपाचं बिल निघतं, राखलेल्या झाडाचं निघत नाही. अडतं ते इथेच.