एका बाळासाठी फोडलेली कुपी

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची सून या आठवड्यात आपले तान्हे मूल घेऊन एका आरोग्य केंद्रावर गेली आणि ‘आज बीसीजीला तुमचं एकटंच बाळ आलंय, एकासाठी कुपी फोडता येत नाही, बुधवारी या’ असे ऐकून, रिक्षाचे भाडे आणि नवऱ्याचा त्या दिवसाचा रोज गमावून परत आली. बाईंनी हे मला, काल पाऊस पडला असे सांगावे तितक्या सहजपणे सांगितले. दाखल्यांसाठी आणि शिधापत्रिकांसाठी गरिबांना घालाव्या लागणाऱ्या हेलपाट्यांविषयी या सदरात मी पुष्कळ लिहिले आहे. परंतु त्या सर्वांहून हा हेलपाटा मला अधिक जाचला, कारण येथे ताटकळत ठेवले होते ते एका अर्भकाच्या जिवाचे रक्षण.

काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच संशोधकांनी गुरांच्या क्षयाचे जंतू तेरा वर्षे पुनःपुन्हा वाढवून निस्तेज केले आणि १९२१ साली त्यांपासून सिद्ध झालेली क्षयाविरुद्धची ही बीसीजी लस पॅरिसमध्ये प्रथम एका अर्भकाला दिली. आपल्याकडे ती जन्मतःच किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर, वर्ष पुरे होण्याच्या आत, डाव्या दंडावर टोचतात. चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेल्या प्रदीर्घ चाचणीने, प्रौढांच्या फुप्फुसाचा क्षय या लसीने टळेल ही आशा फोल ठरवली. पण मेंदूच्या आवरणांचा क्षय आणि रक्तावाटे सर्वांगात पसरणारा क्षय या दोन भीषण रूपांपासून ती लहान मुलांचा बचाव करते, आणि म्हणूनच तिचे सारे मोल आयुष्याच्या अगदी आरंभी आहे.

आता त्या सुनेला परत पाठवणाऱ्या परिचारिकेची बाजू. ही लस भुकटीच्या रूपात गडद काचेच्या कुपीत येते, एका कुपीत अनेक बाळांना पुरेल एवढी मात्रा असते, आणि एकदा सलाइनमध्ये कालवली की चार तासांच्या आत वापरावी लागते. उरेल ती टाकून द्यावी लागते. वाया गेलेल्या प्रत्येक मात्रेचा जाब ज्या बाईला नोंदवहीत द्यावा लागतो, तिने मुले जमेपर्यंत कुपी राखून ठेवली तर दोष तिच्या मनाचा नाही, त्या हिशेबाचा आहे. टाकून दिलेल्या लसीसाठी दप्तरात रकाना आहे. परत पाठवलेल्या आईसाठी मात्र रकाना नाही, आणि जे दप्तरी दाखल होत नाही ते घडलेच नाही असे मानून वरिष्ठ अंमलदार निश्चिंत राहतात. बुधवारी ती आई आलीच नाही, तर तिची अनास्था म्हणून शेरा मारायला तेवढे सारे तयार असतात.

ज्यांचे बालपण पन्नासच्या दशकात गेले, त्यांना शाळेत येणारी बीसीजीची पथके आठवत असतील. १९४८ साली मदनपल्लीला या कामाचा आरंभ झाला, त्याच वर्षी मद्रासजवळ गिंडी येथे लसनिर्मितीची प्रयोगशाळा उभी राहिली, आणि १९५१ पासून मोहिमेने देशव्यापी रूप घेतले. त्या वेळी आधी हातावर क्षयाची चाचणी टोचावी, तीन दिवसांनी तिचा परिणाम पाहावा, आणि ज्यांच्या हातावर प्रतिक्रिया उमटली नाही त्यांनाच लस द्यावी, अशी रीत होती. साहजिकच पहिल्या दिवशी आलेली कित्येक मुले तिसऱ्या दिवशी यायचीच नाहीत. पुढे त्या चाचणीची अट काढून थेट लस टोचण्याची पद्धत स्वीकारली गेली आणि लोकांची एक खेप वाचली. ज्यांनी हे ठरवले त्यांना माणसाच्या दिवसाची किंमत कळत होती, आणि त्यांनी वाचवलेली तीच खेप आज आपण एका कुपीच्या काटकसरीपायी मातांवर पुन्हा लादतो आहोत.

या मोहिमेला विरोधही थोर माणसाचा झाला. १९५५ साली राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, बीसीजीच्या विरोधात जाहीरपणे लिहिले, आणि मद्रास राज्यात त्यांच्या शब्दाला केवढे वजन होते हे सांगायला नको. त्यांचे मत मला मान्य नाही. परंतु ज्या लेकरांना आपण सुई टोचणार त्यांच्या आईबापांना सर्व काही समजावून सांगितले पाहिजे, हे तत्त्व त्या वादातून घेण्याजोगे होते आणि ते आपण पुरते घेतले नाही. लस टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दंडावर गाठ येते, ती फुटते, थोडा पू वाहतो आणि काही आठवड्यांनी व्रण राहून जखम आपोआप भरते, एवढे चार शब्द टोचतानाच सांगितले असते, तर किती घरांतून त्या फोडावर हळद, चुना आणि नाना प्रकारची मलमे थापली गेली नसती! पू पाहून भ्यालेली आई पुढच्या लसीला मूल आणायला कचरते, आणि तिला धीर द्यायला शेजारीण असते, सरकार नसते.

म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतील आरोग्य अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आपल्या परिचारिकांना लेखी हुकूम द्या की बाळ एकटे आले तरी कुपी फोडावी, उरलेली लस निःशंकपणे टाकावी, आणि तिच्यासाठी त्यांना कोणीही जाब विचारणार नाही. आणि ज्या आईला यापुढेही परत पाठवले जाईल तिचे नाव, तारीख आणि कारण त्याच नोंदवहीत लिहायला लावा.