मापं कुणाची, मापाडी कोण?

एका समीक्षकानं आमच्या कवितेचा निकाल लावलाय. आशय आहे म्हणे, शिल्प नाही. धग आहे, घाट नाही. आणि वर ठेवणीतला सल्ला : या पोरांनी आधी इंग्रजी कवितेची परंपरा अभ्यासावी, तिथली शतकांची साधना बघावी, मग लेखणी उचलावी.

साहेब, अभ्यासलीय. तालुक्याच्या कॉलेजात मागच्या बाकावर बसून अभ्यासलीय. माझा उच्चार ऐकून वर्गात खसखस पिकायची आणि सर म्हणायचे, तू मनातल्या मनात वाच. मनातल्या मनात वाचून छंद कळतो का कुणाला? मग मी होस्टेलच्या गच्चीवर मांडीवर थापा मारत वाचली ती, एकेक ओळ. तेव्हा आता जरा माझं ऐका.

इंग्रजी कवितेत नावानिशी ठाऊक असलेला पहिला कवी गुराखी होता. नाव कॅडमन. सातवं शतक, व्हिटबीचा मठ, हिल्डा नावाची बाई मठाची प्रमुख. जेवणावळीत हार्प हातोहात फिरायचा, ज्याच्याकडं आला त्यानं गायचं. हार्प जवळ येताना दिसला की हा उठून गोठ्यात पळायचा. एका रात्री गोठ्यातच त्याला स्वप्नात कुणीतरी म्हणालं, गा. आणि तो गायला. मग मठातले विद्वान त्याला पोथीतली गोष्ट सांगत आणि हा रात्रभर रवंथ करून सकाळी तिचं गाणं करून देई. हे सगळं बीड नावाच्या साधूनं ७३१ साली पुऱ्या केलेल्या इतिहासात लिहून ठेवलंय. लिहिलं लॅटिनमध्ये. कॅडमनच्या गाण्याचा नुसता अर्थ दिला, तोही लॅटिनमध्येच. मूळ इंग्रजी नऊ ओळी कुठं सापडतात? सर्वांत जुन्या हस्तलिखितांत, एकाच्या शेवटच्या पानावर, दुसऱ्याच्या पानाच्या तळाशी. मजकुराच्या बाहेर. इंग्रजी कवितेचा जन्म झाला तो गावकुसाबाहेर, असं मी म्हणालो तर कुणाला राग येऊ नये.

एक फरक मात्र सांगितलाच पाहिजे, नाहीतर आमचेच काही मित्र लगेच कॅडमनला आपला भाऊबंद करून टाकतील. कॅडमन पंगतीत बसलेला होता. हार्प त्याच्या हातात येणार होता, म्हणून तर तो पळाला. आमच्या चोखोबाला देवळाच्या पायरीच्या वर कुणी येऊ दिलं नाही. गरिबी आणि अस्पृश्यता या दोन गोष्टी आहेत, त्यांची खिचडी करू नका.

तर त्या जुन्या कवितेचं शिल्प कसं होतं? ओळीचे दोन तुकडे, मधे खाच. चार दणके. त्यातले दोन-तीन दणके एकाच आवाजानं सुरू होणारे. अक्षरं मोजायची नाहीत, यमक जुळवायचं नाही. घण मारणाऱ्याला आणि वल्हं मारणाऱ्याला कळेल असं माप. १०६६ साली नॉर्मन आले, दरबाराची भाषा फ्रेंच झाली, आणि तिच्याबरोबर अक्षरं मोजणं आणि यमकं आली. चॉसरनं फ्रेंच-इटालियन वळणं घेऊन इंग्रजी ओळ घडवली. पुढं सोळाव्या शतकात वायटनं इटलीतून सॉनेट आणलं. त्याच्या ओळी ओबडधोबड, बोलताना अडखळल्यासारख्या. १५५७ साली टॉटलनं संग्रह छापला तेव्हा संपादकानं त्या परस्पर रंधा मारून गुळगुळीत करून टाकल्या. कवी मेलेला, विचारणार कोण? आज अभ्यासक उलट म्हणतात, वायटचा खडबडीतपणा हीच त्याची ताकद. म्हणजे खडबडीत असणं हा दोष आहे की गुण, हे ठरायला तिथं काही शतकं लागली. आमच्याबाबतीत आमच्या समीक्षकाला एक रविवार पुरतो.

आणि त्यांचा तो पवित्र आयॅम्बिक पेंटामीटर. एक हलका, एक जड, असे पाच जोड. बस. यात गूढ काय आहे? नावं तेवढी ग्रीक-लॅटिन. गंमत अशी की ग्रीक-लॅटिनमध्ये आपल्यासारखाच लघु-गुरूचा, म्हणजे वेळेचा हिशेब असतो, इंग्रजीत दणक्याचा. दुसऱ्याच्या तराजूची नावं आपल्या तराजूला चिकटवलेली. काही पंडितांना तेवढ्यानंही समाधान नव्हतं. १६०२ साली टॉमस कॅम्पियननं पुस्तकच लिहिलं की यमक हा अडाणी प्रकार आहे, खरी कविता लॅटिनच्या मापानं व्हायला हवी. गडी स्वतः झकास यमकाची गाणी रचणारा! पुढच्याच वर्षी सॅम्युएल डॅनियलनं त्याला उत्तर दिलं आणि यमकाची बाजू घेतली. तेव्हा ज्याला अडाणी म्हटलं तेच यमक शंभर वर्षांनी पोपच्या हातात सभ्यपणाची खूण झालं. माप बदलतं, पण मापाडी हटत नाही.

आता घाम गाळणाऱ्यांकडं या. स्टीफन डक, विल्टशरचा मजूर, झोडपणी करणारा. १७३० साली त्याची मळणीवरची कविता राणीपर्यंत गेली. राणीनं वर्षासन दिलं, घर दिलं, पुढं तो पाद्री झाला. १७५६ साली त्यानं पाण्यात जीव दिला. का दिला ते मी सांगणार नाही, कारण मेलेल्याच्या तोंडी आपली घोषणा घालणं मला जमत नाही. पण शेतातून उचलून दरबारात नेऊन ठेवलेल्या कवीचं काय होतं, हा प्रश्न पुरस्कारांच्या रांगेत उभ्या असलेल्या आमच्या मित्रांनी स्वतःला जरूर विचारावा.

या डकनं आपल्या कवितेत शेतावरच्या बायांची टिंगल केली होती, की त्या कामापेक्षा बडबड जास्त करतात. १७३९ साली मेरी कॉलिअर नावाच्या धुणं धुणाऱ्या बाईनं त्याला कवितेतच उत्तर दिलं. तुम्ही झोडपून घरी येता आणि झोपता. आम्ही दिवसभर तुमच्याबरोबर राबतो, मग घरी चूल, पोरं, आणि पहाटेच्या अंधारात लोकांच्या घरी हात सोलेपर्यंत धुणं. आणि हे सांगितलं कशात? पोप वगैरे मंडळी मिरवत होती त्याच दोन-दोन ओळींच्या यमकी घाटात. बाईला घाट ठाऊक होता. कविता छापून तिचं धुणं मात्र सुटलं नाही, साठी उलटली तरी ती धूतच होती. आमच्या आयांनी जात्यावर ओव्या रचल्या तेव्हा जात्याचा फेरा हाच छंद होता. त्याला शिल्प म्हणायचं नसेल तर पोपलाही म्हणू नका.

जॉन क्लेअर. जन्म १७९३, मजुराचा पोरगा. १८०९ साली कायदा करून त्याच्या गावची मोकळी रानं कुंपणात घातली, गायरान गेलं, पायवाटा बंद झाल्या. त्यानं त्याची कविता केली, गावच्या बोलीत, विरामचिन्हांशिवाय. १८२० साली पहिला संग्रह निघाला आणि पहिल्या पानावर नावाबरोबर छापलं : शेतकरी. म्हणजे बघा बघा, माकड लिहितंय. प्रकाशकानं विरामचिन्हं घातली, बोली छाटली. एका उमराव आश्रयदात्याला श्रीमंतांविरुद्धच्या ओळी खुपल्या, त्या पुढच्या आवृत्तीत गेल्या. व्याकरण म्हणजे जुलमी सरकार, अशा अर्थाचं क्लेअरनं एका पत्रात लिहिलंय. शेवटची बावीस-तेवीस वर्षं त्यानं वेड्यांच्या इस्पितळात काढली, १८६४ साली तिथंच मेला, आणि तिथंही लिहीत होता. त्याच्या कविता त्याच्या मूळ शब्दलेखनात बघायला जगाला विसावं शतक उजाडावं लागलं.

कीट्सचंही तेच. आमच्या सरांचा लाडका कीट्स. घोड्यांच्या तबेल्यावरच्या माणसाचा पोरगा, औषधं कुटायला शिकलेला. १८१८ साली एडिंबराच्या मासिकानं त्याला सांगितलं, जा बाबा परत दुकानात, गोळ्या-मलमांकडं. त्याच्या यमकांनाही हसले, कारण ती लंडनच्या साध्या माणसाच्या उच्चाराप्रमाणं जुळत होती. आणि याच कीट्सची कविता म्हणताना, सव्वाशे-दीडशे वर्षांनी, लीड्सच्या एका भटारखानेवाल्याच्या पोराला मास्तरनं मधेच थांबवलं, तुझा उच्चार रानटी आहे म्हणून. तो पोरगा टॉनी हॅरिसन. त्यानं काय केलं? छंद फेकला नाही. ग्रे नावाच्या कवीनं १७५१ साली गावच्या मुक्या मेलेल्यांवर कविता छापली होती, तिचाच चार ओळींचा घाट उचलला, आणि १९८५ साली 'व्ही' या कवितेत त्या घाटात कबरींवर शिव्या रंगवणाऱ्या बेकार पोराला बोलायला लावलं. १९८७ साली ती टीव्हीवर येणार म्हटल्यावर हुजूर पक्षाच्या खासदारांनी आकाशपाताळ एक केलं. छंद तोच होता. बोलणारा बदलला, एवढंच.

आमच्यातले काही जण म्हणतात छंद-बिंद सगळं जाळा, ते मालकांचं. मला हे पटत नाही. कुऱ्हाड मालकाची म्हणून आपण लाकूड दातानं तोडत नाही. पण कुऱ्हाड आपल्या हाताला बसत नसेल तर दांडा बदलायचा, हेही खरं. जमैकातून अकराव्या वर्षी लंडनला आलेला लिंटन क्वेसी जॉन्सन शाळेत असतानाच तिथल्या ब्लॅक पँथरच्या पोरांत सामील झाला. ज्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेच नाव. त्यानं पाच जोडांची ओळ सोडून रेगेच्या ढोल-बासचा ठेका धरला आणि जमैकन बोली जशी कानाला ऐकू येते तशीच लिहिली. पोलिसांची मारहाण, तुरुंग, कारखाना. २००२ साली पेंग्विननं त्याला आपल्या आधुनिक अभिजात मालिकेत घेतलं, पहिला काळा कवी म्हणून. तिथल्या काही शहाण्यांना तेव्हाही पोटदुखी झालीच.

ही सगळी परंपरा आम्हाला दाखवली का नाही कुणी? इंग्रजी साहित्य भारतातल्या कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच शिकवायला लागले, ऑक्सफर्डात त्याची स्वतंत्र शाखा निघाली १८९४ साली. म्हणजे ते घरच्यांना शिकवण्याआधी गुलामांना शिकवलं. आणि गुलामातल्याही वरच्या जातींनी ते पाटपाण्यासारखं आपल्याच शेतात वळवलं. सावित्रीबाईंनी इंग्रजीला माउली म्हटलं ते या लोकांच्या ओसरीवर बसण्यासाठी नव्हे.

तेव्हा समीक्षक महाशय, शिल्प नाही असं मोघम लिहू नका. आमची एक कविता घ्या. मोठ्यानं वाचा, मांडीवर थाप मारत वाचा. कुठल्या ओळीत, कुठल्या शब्दावर ठेका तुटतो ते नेमकं लिहून पाठवा. एक शब्दही न छाटता छापू. पत्ता मागच्या पानावर आहे.