माडीवरचा काळा डाग

पावसाळा लागला आणि आमच्या वडोदऱ्याच्या घरातली माडीवरची सागवानी जमीन पुन्हा वास मारू लागली. "मोतीला आता अंगणातच बांधा," बाबा म्हणाले. तेरा वर्षांचा कुत्रा. आजी गप्प झाली.

आधी डॉक्टरांना दाखवला. मूत्रपिंडाचा आजार निघाला. ती खोड नव्हतीच.

मग लाकडाकडे वळलो. ओलं लगेच टिपायचं. लाकडात शिरलेलं मूत्र नुसत्या पाण्यानं निघत नाही, दमट हवेत वास परततो. एन्झाइमवालं क्लीनर लागतं. अमोनियावालं टाळा, त्या वासानं कुत्रा पुन्हा तिथंच जातो. काळा डाग मात्र मुरलेला; सुतारानं पॉलिश पेपर मारूनही राहिलाच.

त्यावर आजीनं रबरी चादर टाकून मोतीचं अंथरूण घातलं. बाबा काही बोलले नाहीत.