आधी थांबणे, मग चढणे

जुनी जीप हे मोठे चमत्कारिक वाहन आहे. नवी मोटार घेणाऱ्या गृहस्थाला शेजारी 'केवढ्याला पडली?' असे विचारतात. जुनी जीप दुरुस्तीला काढणाऱ्याला नुसते 'का?' असे विचारतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येते. दुसऱ्याचे द्यायला मला या सदराची आजची सगळी जागा लागणार आहे. दिवाळी अंकात संपादक जागा जरा सढळ हाताने देतात. तेव्हा वाचकहो, चकलीचा डबा जवळ घेऊनच बसा.

जीपचा जन्मच घाईतला. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती, आणि ती तातडीने हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा करून दिला. पण लढाईला पुरेल एवढा माल काढण्याची तिची ऐपत नव्हती; म्हणून मोठे काम विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेले, आणि महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा तयार झाल्या. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीजच्या सुट्या भागांतून जीपा जोडायला सुरुवात केली. विलीजने १९५३ साली काढलेले सीजे-३बी हे मॉडेल पुढे इथे वर्षानुवर्षे बनत राहिले. उंच कपाळाची जीप म्हणतात ती हीच. कपाळ उंच असण्याचे कारण पोटात आहे. या इंजिनाचा हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये असतो. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटला तिच्यासाठी वर सरकावे लागले. मामलेदार, पाटबंधाऱ्याचे इंजिनियर, निवडणुकीचे उमेदवार आणि सिनेमातले फौजदार या सर्वांना एका पिढीत याच जीपने हिंडवले.

आमच्या घरची जीप १९६४ची. माझ्या थोरल्या भावाने ती १९७८ साली एका सरकारी लिलावात घेतली आणि मावळातल्या शेतावर सत्तावीस वर्षे राबवली. भाऊ गेल्यावर ती गोठ्यालगतच्या पडवीत उभी राहिली. कोंबड्यांनी मागच्या बाकावर संसार थाटला आणि भंगारवाला दर दसऱ्याला भाव विचारून जाऊ लागला. वहिनींनी त्याला कधी पाणी नाकारले नाही आणि जीप कधी दिली नाही. शेवटी २०२२च्या पावसाळ्यात माझा पुतण्या शेतावर आला, ओढ्याला पाणी चढल्यामुळे आपली चकचकीत मोटार अलीकडे ठेवून गुडघाभर चिखलातून चालत घरी पोचला, आणि पाय धुता धुता म्हणाला, "काका, बाबांची जीप उभी करू या."

पुतण्याला नुसती दुरुस्ती नको होती. आडवाटेने, डोंगरउतारावर, नदीनाल्यांतून गाडी घालण्याचा जो छंद हल्ली वाढला आहे आणि ज्याला ऑफ-रोडिंग म्हणतात, त्याचा तो भक्त. गोव्यात २०१४ पासून भरलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या चित्रफिती त्याला तोंडपाठ. त्याने यादीच काढली होती: तेहतीस इंची टायर, चार इंच उंची, नवे डिझेल इंजिन, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच, आणि काचेवर दिव्यांची रांग. यादी घेऊन आम्ही उस्तादांकडे गेलो. त्यांनी उभी हयात जीपांखाली घालवली आहे. यादी त्यांनी शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि विचारले, "बेटा, यात ब्रेक कुठंय?"

"ब्रेक आहेतच की, उस्ताद."

"हायेत. पण साठ साल जुने हायेत. आधी थांबायला शिकव तिला, मग चढायला शिकव."

तेवढ्या वाक्यावर पुढचे दीड वर्ष गेले.

जीप उघडली तेव्हा कळले की गंज हा घरातल्या वाळवीसारखा असतो: दिसतो तिथे थोडा, नसतो तिथे फार. वरचा पत्रा बरा होता. चासीच्या पोकळीत, मागच्या पाट्यांच्या शॅकलपाशी, बोट आत जाईल एवढी भोके पडली होती. पाटे सुटले, बुश बदलले, चासीला आतून पट्ट्या लावून वेल्डिंग झाले. इंजिन बोअर करून नवे पिस्टन-रिंग पडले. गियर बॉक्स तेवढा निरोगी निघाला. पुढच्या चाकांच्या नकलमध्ये ग्रीसऐवजी पाणी आणि माती यांचा गारा होता. किंगपिनचे बेअरिंग झिजून त्यांना खुळखुळा लागला होता. चाळीसच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते आणि माणसे टायरांना दोष देतात, त्याचे मूळ पुष्कळदा तिथे असते. सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि मुंबईचे कुर्ले या दोन तीर्थक्षेत्रांच्या वाऱ्या झाल्या. हिशेब लिहिला तेव्हा रुपयातले बारा आणे असल्या न दिसणाऱ्या कामांना गेले होते. पुतण्या हिरमुसला. मित्रांना दाखवण्यासारखे काहीच नव्हते!

मग उस्तादांनी त्याला गियरचे गणित शिकवले. ते इथे द्यायलाच हवे, कारण जीपची सगळी कुवत त्यात आहे. गियर बॉक्सचा पहिला गियर इंजिनाच्या सुमारे २.८ फेऱ्यांची एक फेरी करतो. त्यामागचा ट्रान्सफर केस खालच्या गियरमध्ये सुमारे २.४६ची एक करतो, आणि एक्सलमधले क्राऊन-पिनियन ५.३८ची एक करते. या तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. म्हणजे इंजिन सदतीस वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्या घेत असले तर जीप ताशी पावणेचार किलोमीटरने, म्हणजे देवळात निघालेल्या आजोबांच्या चालीने जाते. पण वेग जितका घटतो तितका चाकावरचा जोर वाढतो. पाऊणशे अश्वशक्तीची ही जुनी गाडी जिथे चढते तिथे दुप्पट ताकदीच्या मोटारी दम टाकतात, त्याचे रहस्य एवढेच.

आता याच गणितात तेहतीस इंची टायर घाला. मूळचा सहा-सोळाचा टायर उंचीला साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास असतो. चाक मोठे झाले की प्रत्येक फेरीत गाडी अधिक अंतर कापते, आणि चाक जमिनीला जे ढकलते तो जोर त्याच प्रमाणात उतरतो. सदतीसचा परिणाम बत्तिसावर येतो. शिवाय मोठ्या, जड चाकाला थांबवायला ब्रेकही जास्त हवा; आणि या जीपचे ड्रम फक्त नऊ इंची! चार इंच उंचीचेही तसेच. दोन चाकांमधले आडवे अंतर जेमतेम चार फूट, पुढल्या-मागल्या चाकांतले ऐंशी इंच. अशा अरुंद गाडीचा भार वर उचलला की आडव्या उतारावर ती कलंडायला फार निमित्त लागत नाही. पुतण्याने कागदावर दोनदा गुणाकार केला आणि यादीतल्या पहिल्या दोन ओळी स्वतःच खोडल्या.

तिसरी ओळ कायद्याने खोडली. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले, की कारखान्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणीतले तपशील विसंगत होतील असे फेरफार गाडीत करता येणार नाहीत. दुसरीकडे २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम आला. त्यात मान आहे, निराळा नंबर आहे; पण गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. म्हणजे पुतण्याच्या मनासारखी बदलावी तर ती कागदोपत्री गाडी राहत नाही, आणि कागदाच्या मनासारखी जपावी तर ती जीप राहत नाही. आम्ही मधली वाट धरली: इंजिन मूळचेच, सांगाडा मूळचाच, साधी नोंदणी चालू, भर घातली ती पुढे-मागे ओढण्यासाठी भक्कम हुकांची, पट्ट्यांची आणि लष्करी नक्षीच्या अरुंद टायरांची. अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक जमिनीला पोचतो, हे बैलगाडीच्या चाकाला आपल्याआधीच ठाऊक होते.

ब्रेकवर मात्र उस्तादांनी वेळ घालवला. या जीपला एकच मास्टर सिलिंडर, आणि चारही चाकांना तेल एकाच वाटेने जाते. एका चाकाचा रबरी पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले! म्हणून सगळ्या नळ्या, पाइप आणि सील नवे. हात-ब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. त्याचेही लायनिंग नवे. पुतण्याचा विंचचा पैसा तिथे संपला.

२०२३च्या नोव्हेंबरात जीप शेतावर आली. वहिनींनी चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला, आणि आम्ही दोघे मागच्या टेकाडाच्या वाटेला लागलो. पुतण्या चालवत होता, मी शेजारी. उजवीकडे भाताची खाचरे, डावीकडे ओघळाने खाल्लेली दरड. पहिला गियर, खालची चाल. जीप कुरकुरत, पण एका लयीत चढू लागली. माथ्यापासून वीसेक हात खाली, वाट सर्वांत उभी होती तिथे, इंजिन ठसकले आणि बंद पडले. तीव्र चढावर कार्बोरेटरमधले पेट्रोल मागे कलंडते; मग इंजिनाला ते एक तर फार मिळते नाही तर मिळतच नाही.

अशा वेळी माणसाचा पाय आपसूक क्लचवर जातो. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते, आणि उताराला लागलेली जीप मागे धावू लागते. मागे काय आहे ते आरशात दिसत होते. पुतण्याच्या कपाळावर घाम आला, पण पाय ब्रेकवरून हलला नाही. ब्रेकने धरले. चारही चाकांनी धरले. त्याने हात-ब्रेक ओढला, मग क्लच दाबून रिव्हर्स टाकला, क्लच पूर्ण सोडला, आणि ब्रेक हळूहळू ढिला करत गियरमध्येच स्टार्टर मारला. इंजिन लागले. सदतीसच्या गणिताची भावंडेच ती; रिव्हर्स गियर जीपला मुंगीच्या पावलाने खाली घेऊन आला. स्टिअरिंग सरळ, पाय ब्रेकच्या नुसता वर. सपाटीला आल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, त्या दिव्यांच्या रांगेचे पैसे उरलेत. कार्बोरेटर पुन्हा उघडू या."

ज्यांच्या पडवीत अशी जीप उभी असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. पुढच्या चाकांचा जोर पक्क्या सडकेवर लावू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. मातीत ती थोडी घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर तो ताण गियरांवर पडतो. चारही चाकांना जोर असला तरी पुढच्या आणि मागच्या एक्सलवर एकेक चाक अधांतरी झाले की सगळा जोर त्या मोकळ्या चाकांना जातो. तेव्हा इंजिन ओरडवू नये, खाली उतरून दगड लावावा. पाण्यात घालण्यापूर्वी काठी घेऊन स्वतः चालून यावे, आणि बाहेर आल्यावर चालत्या गाडीत ब्रेक हलके दाबून ड्रम वाळवावेत. दुसऱ्या दिवशी एक्सलचे तेल पाहावे. दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, बदलून टाकावे.

आणि शेवटची गोष्ट यंत्राची नाही. जीप कुठेही जाऊ शकते म्हणून तिने कुठेही जावे असे नाही. अभयारण्यात तर कायदाच आडवा आहे. पण सह्याद्रीच्या माथ्यावरचे सडे पाहा. कासचे पठार हे पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांतले एक. तिथे कातळावर बोटभर माती असते आणि पावसाळ्यात तेवढ्यावर फुलांचा संसार उभा राहतो. एका चाकोरीने ती माती उचकटली की पुढच्या पावसात वाहून जाते, आणि कातळावर पुन्हा माती साचायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. स्वतःच्या शेतातला चिखल, मालकाला विचारून घेतलेले रान, ठरवून दिलेली मैदाने यांत हौसेला पुष्कळ वाव आहे.

आमची जीप आता पावसाळाभर ओढा ओलांडते. गेल्या श्रावणात तिने शेजारच्या वाडीतल्या एका बाळंतिणीला पलीकडच्या सडकेपर्यंत पोचवले. पेट्रोल ती राजेशाही पिते, दाराच्या जागी कापड आहे, आणि पन्नासच्या वर गेली की बोलणे खुणांनी करावे लागते. पुतण्याचे मित्र येतात, तिच्याभोवती फिरतात आणि 'काय काय बदललंस?' असे विचारतात. तो बॉनेट उघडत नाही. त्यांना शेजारी बसवतो, टेकाडाच्या निम्म्यावर नेतो आणि जीप उभी करून दाखवतो.